गोठलेलं सोनं

देवबागच्या सत्यवतीची मासळी मऊ पडली, असं मालवणच्या बाजारात कुणी म्हटलं असतं तर त्याची धडगत नव्हती. बाईचं तोंड तिखट, पण माल चोख. गोव्याला जायची सुरमई असली की बर्फाच्या प्रत्येक थरावर ती मूठभर जाडं मीठ पसरायची. मीठ पडलं की बर्फ आणखी थंड होतो आणि मासळी दगडासारखी राहते, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं.

तिची लेक रूपाली कोल्हापुरात संशोधन करत होती. कसलं, ते सत्यवतीने एकदा हट्टाने विचारून घेतलं. रूपालीने पपईपासून सुरुवात केली. मटणात कच्ची पपई घातली की मटण लवकर शिजतं, ते पपईतल्या एन्झाइममुळे. हे एन्झाइम पाण्यात सुटं सोडलं तर एकदाच वापरता येतं, म्हणून रूपाली ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सोन्याच्या कणांवर चिकटवून ठेवत होती. शिवाय त्या कणांवर हिरवा उजेड पडला की ते तापतात, आणि त्यांच्या अंगावरचं एन्झाइम झपाझप कामाला लागतं. बाकीचं पाणी फारसं तापत नाही.

“म्हणजे चूल पेटवूची नाय, नुसती बत्ती लावूची?” सत्यवतीने विचारलं.

“तसाच,” रूपाली हसली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं की सत्यवतीचं चेडू सोन्याला कामाला लावतं.

२००९ च्या मे महिन्यात गोव्यातल्या एका संस्थेत रूपालीला समितीसमोर हे करून दाखवायचं होतं. समितीला पटलं तर फेलोशिप वर्षभर वाढणार, नाहीतर काम अर्धवट टाकून घरी परतायचं. वाटेत एका मुक्कामाला ती देवबागला उतरली. सोबत एक बाटली होती, आत त्या सोन्याच्या कणांचं, कोकमाच्या सरबतासारखं लाल पाणी. नेमकी संध्याकाळी वीज गेली आणि फ्रीज बंद पडला.

“आई, ही थंडात ठेवूक व्हयी,” एवढं सांगून प्रवासाने शिणलेली रूपाली आडवी झाली.

थंड ठेवण्याच्या कामात सत्यवतीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तिने मासळीचा थर्माकोलचा डबा घासून काढला, बाटली बर्फात पुरली आणि वर मीठ घातलं. लेकीची वस्तू ती, म्हणून मूठभर नाही, ओंजळभर घातलं.

सकाळी बाटलीतलं पाणी गोठून घट्ट झालं होतं. ते वितळलं तेव्हा लाली पार गेलेली आणि तळाला निळसर काळा गाळ. गोठताना सोन्याचे कण एकमेकांना चिकटले होते. आता हिरव्या उजेडाशी त्यांना काही सोयरसुतक उरलं नव्हतं.

“तुका कोणी सांगल्यान मीठ घालूक?” रूपाली ओरडली आणि मग तिथेच बसून रडू लागली. आपण लेकीचं वाटोळं केलं, या विचाराने सत्यवतीचा जीव तुटत होता. “मीया येतंय तुझ्यावांगडा,” म्हणत ती लेकीसोबत गोव्याला निघाली.

संस्थेत तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं. समितीचे प्रमुख डॉ. क्लाइव्ह यांनी बाटलीचं विचारलं, तेव्हा रूपालीचं शुद्ध मराठी तिच्या कानावर आलं. “नमुना गोठला, सर. चूक माझी आहे. मीच निष्काळजीपणा केला.”

सत्यवती तडक आत शिरली. “खोटा सांगता ती, सायबानू! मीठ मीया घातलंय. जल्मभर मासळी इकतंय, पण माझो माल खराब झालो म्हणून कधी कबूल करूक नाय. आज करतंय. काय शिक्षा ती माका करा, माझ्या चेडवाचा वर्स कापू नका.”

डॉ. क्लाइव्ह मूळचे गोव्याचे, त्यांना तिचा शब्द न् शब्द कळला. त्यांनी सत्यवतीला खुर्ची दिली आणि रूपालीला विचारलं, “नवीन करायला किती वेळ लागेल?”

“दोन दिवस, सर.”

“मग इथेच करा. साहित्य आम्ही देतो.”

ते दोन दिवस सत्यवती म्हापशाला बहिणीकडे राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा लाल झालेलं तिने स्वतः पाहिलं. पाणी घालून पातळ केलेल्या दुधाच्या दोन नळ्यांत ते घातलं. हिरव्या दिव्याखालच्या नळीत एन्झाइमने दुधातली प्रथिनं फोडली, ती बघता बघता निवळली आणि अंधारातली गढूळच राहिली. फेलोशिप वाढली.

परतीच्या एसटीत सत्यवतीने विचारलं, “त्यांका खोटा कित्याक सांगलंस गो?”

“तू इतक्या मायेन ठेवलंस,” रूपाली म्हणाली, “त्येका मी लोकांसमोर चूक कशी म्हणू?”

“चूक ती चूकच,” सत्यवती फणकाऱ्याने म्हणाली, पण लेकीचा हात तिने जो धरला, तो मालवण आलं तरी सोडला नाही.