रिकाम्या खुर्च्यांनी दिलेली परवानगी

आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीने मला फसवलं. भर दिवसा, माझेच तळलेले बोंबील खात फसवलं, आणि वर नियमात बसवून फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सांगताना मला हसू आलं तरी माझा राग गेला असं कोणी समजू नये.

मी मासेवाली. घर कोपर गावात. सासूच्या मागे टोपली घेऊन बसायला लागले तेव्हा मला धड भाव सांगता येत नव्हता. आज स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझ्या स्वतःच्या नावाचा गाळा आहे. पांढऱ्या लाद्या, बर्फाची पेटी, नळ, डोक्यावर पंखा. गाळा घेताना बिल्डरला मी इतका घासला की शेवटी शटर त्याने पदरचं लावून दिलं आणि मला हात जोडले. भावात मला कोणी हरवत नाही. सेक्रेटरी दर रविवारी प्रयत्न करायचा. निवृत्त माणूस, बोलणं शुद्ध, पिशवी इस्त्री केलेली.

"अहो ताई, हे पापलेट आहे की दागिना?"

"दागिनाच समजा साहेब. घरी नेलात तर बाईसाहेब आठवडाभर रुसायच्या नाहीत."

मग तो पुढे जायचा, वळून यायचा आणि माझ्याच भावाने घेऊन जायचा. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. त्याने ते सगळे रविवार मनात साठवले असतील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझं गिऱ्हाईक म्हणजे बायका. संध्याकाळी कामावरून सुटतात, गाळ्यासमोरच्या पायरीवर पर्स टेकवतात, कल्ला उघडून मासा ताजा आहे का बघतात आणि तो साफ होईपर्यंत सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांचा उद्धार करतात. कोणी घाईत नसतं. त्या पायरीवरच माझा धंदा उभा आहे.

तीच पायरी शेजारच्या गाळ्यालाही आहे. तो गाळा एकाने घेतला आणि तिथे बिअर शॉप काढायचं ठरवलं. आता नियम असा झालाय की सोसायटीच्या गाळ्यात बिअर विकायची तर आधी सोसायटीची ना हरकत लागते. सभा भरवायची, ठराव करायचा, मग पुढे सरकारकडे लायसन्सला जायचं.

माझं बिअरशी वाकडं नाही. आमच्या गावात हळदीला काय काय होतं ते मला सांगायला लावू नका. माझं भांडण पायरीचं होतं. तिथे संध्याकाळी पुरुष बाटल्या उघडून उभे राहिले, तर त्यांच्यातून वाट काढत कोळंबी घ्यायला कोणती बाई येईल?

आधी त्या माणसाशीच सौदा करायला गेले. म्हटलं, मागच्या बाजूचा गाळा रिकामा आहे, तो घे, मीच मालकाला भावात खाली आणून देते.

"मावशी, मागे कोण येणार?" तो म्हणाला. "उलट बघा ना, तुमचे बोंबील, माझी बिअर. दोघांचा धंदा एकदम टाइट!"

"माझ्या बोंबलांना वास आहे, पण इज्जत पण आहे," मी म्हटलं आणि निघाले.

मग सेक्रेटरी. तो गोड बोलला. एवढा गोड की तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"माझा एकट्याचा प्रश्न नाही, ताई. सभा ठरवेल."

"आनि सभाच नाय झाली तर?"

तो चष्मा पुसत राहिला. "पुरेसे सभासद आले नाहीत तर सभा सुरूच करता येत नाही. नियमच आहे तसा."

बस्स. माझ्या डोक्यात तिथेच कढई तापली. आमच्या गावकीत माणसं जमली नाहीत की सतरंजी गुंडाळतात. बैठक पुढे जाते, आणि पुढे जाता जाता कितीतरी भांडणं आपोआप मरतात. मला वाटलं, सोसायटी म्हणजे लिफ्ट लावलेली गावकीच. दारोदार मतं मागत फिरण्यापेक्षा सभाच पडलेली बरी.

सभा ठरली गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी. हे ऐकून मी दुकानातच टाळी वाजवली. श्रावण पाळलेला, मग गणपती, घराघरांतली जीभ वाळून गेलेली. त्या रविवारी माणूस माशासाठी बायकोची शपथ मोडेल, तिथे सभेचं काय? मी गाळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले, "रविवारी सकाळी आमच्या घरी जेवायला. अख्ख्या घराने यायचं. पैशाचं नाव काढलं तर परत पाठवीन."

नवरा हादरला. वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा रविवार, आणि मी शटर बंद ठेवून फुकट मासे वाटणार!

"तुला याड लागलंय काय गो?"

"एक रविवार सोडते, सगळ्या संध्याकाळी वाचवते. तुला हिशेब कधी जमला?"

पहाटे धक्क्यावरून बोंबील, कोळंबी, मांदेली आणली. माझी जाऊ आणि मी चुलीपुढे बसलो. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, मी बोंबील पिठात लोळवून तव्यावर टाकत होते. आणि माणसं आली! आख्खी इमारत आली. तिसऱ्या मजल्यावरचं ते जोडपं, जे लिफ्टमध्ये कोणाशी बोलत नाही, ते आमच्या पडवीत मांडीला मांडी लावून बसलं. एक आजोबा कोळंबीच्या कालवणात बोट बुडवून म्हणाले, "आता देवाने नेलं तरी चालेल." जाऊ आतून ओरडली, "देवाला सांगा आजोबा, भाकऱ्या संपंतवर थांब म्हनावं!" पंगतीवर पंगत उठत होती. मी पळीने माणसं मोजत होते आणि मला इतकं हसू येत होतं की मीठ दोनदा पडलं.

सेक्रेटरीची बायकोसुद्धा आली. म्हटलं, साहेब?

"ते म्हणाले, तू हो पुढे, मी सभा आटोपून येतो. आणि जमलं तर तिकडे एक डबा पाठवा म्हणाले, बसून बसून भूक लागेल."

मला तर उकळ्याच फुटल्या. बिचारा रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या सांभाळत बसलाय! मी दिलदारपणे मोठा डबा भरला, बोंबील अगदी वरपर्यंत, आणि नवऱ्याच्या हाती दिला.

तो परत आला तेव्हा डबा रिकामा होता आणि तोंड उतरलेलं.

"सभा झाली," तो म्हणाला.

"कशी झाली? मानसं तर हितं हायेत!"

"सात-आठ जन होते. अर्धा तास थांबले, बोंबील खाल्ले. मग सेक्रेटरी म्हनाला, तहकूब सभा आता सुरू, आता मानसांची अट नाय. हात वर केले. पास."

मग भाकरी मोडता मोडता एक गृहस्थ म्हणाले, "हो, असा नियम आहे खरा. नोटिशीत दर वर्षी लिहिलेलं असतं." दर वर्षी! आणि हा माणूस माझी तिसरी भाकरी खात होता.

मी पिठाच्या हातांनी तशीच निघाले. हॉलमध्ये दोघं-तिघं खुर्च्या रचून ठेवत होते. सेक्रेटरी दाताला काडी लावून उभा.

"साहेब, तुमी मला सांगितलंत, मानसं नसली तर सभा होत नाय."

"सुरू करता येत नाही असं म्हणालो, ताई. अर्ध्या तासाने येते."

"ते अर्धं का नाय सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," तो म्हणाला. "पापलेट कालचं आहे हे तरी तुम्ही न विचारता कधी सांगितलंत?"

"मी कालचं इकत नाय!" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.

"आणि गच्ची गळतेय, ताई. तो बिअर शॉपवाला वर पत्र्याची शेड घालून देतोय. सगळ्या इमारतीचं भलं आहे." मग हळूच, "बोंबील मात्र अप्रतिम होते."

मी हसले. काय करू, हसूच आलं. एवढा मोठा सौदा माझ्यावर कोणी मारला नव्हता. घरी पोचेपर्यंत हसत होते, आणि घरी पोचल्यावर पातेलं आपटलं.

इमारतीतले लोक अजून भेटतात. "आम्ही तुमच्याच बाजूचे होतो, ताई, आम्ही तर तुमच्याच घरी होतो," असं छातीवर हात ठेवून सांगतात. खरंच होते. तीच तर अडचण झाली.

गच्चीवर शेड झाली. लायसन्स आलं, शॉप उघडलं. माझ्या गाळ्यावर एक नर्स यायची, मांदेली घेऊन जायची, भाव न करता मला लाडाने शिव्या घालायची. परवा ती पलीकडच्या फुटपाथवरच थांबली. पायरीवर चार-पाच जण बाटल्या घेऊन उभे होते. तिने तिथूनच हात हलवला, तोंडाने "नको" केलं आणि पुढच्या कोपऱ्यावर पाटी मांडून बसणाऱ्या बाईकडे गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या.

मी माणसांना हाकललं. ते पांगले आणि पुन्हा जमले.

सेक्रेटरी हल्ली मासे तिसऱ्या गल्लीतून आणतो, म्हणजे माझ्यासमोर यावं लागू नये. पण मी आता मासे विकायला थांबलेली नाही, उत्तराला थांबलेय. त्याने एका संध्याकाळी सात वाजता या पायरीवर यावं, हात वर करणाऱ्या त्या सात-आठ जणांना घेऊन यावं, आणि पलीकडच्या फुटपाथवरून वळणाऱ्या बायकांना तोंडावर सांगावं की अख्ख्या इमारतीच्या नावाने हो म्हणायचा हक्क आपल्याला कोणी दिला. नियमाने दिला म्हणू नका. नियम पायरीवर उभा राहत नाही. तुम्ही राहा, साहेब. या, आणि सांगा.