होनोलुलूच्या शिंतो देवळातलं तीर्थ

मंडळी, बॉथेलहून आठवडाभर हवाईला आलोय. आज सासूबाईंना होनोलुलूतलं एक जुनं जपानी शिंतो देऊळ दाखवायला नेलं.

दारातच पाण्याचं दगडी टाकं आणि लांब दांड्याच्या लाकडी पळ्या. शेजारी बोर्ड, आधी हात धुवा, मग चूळ भरा. मी तो वाचेपर्यंत आईंनी उजव्या तळव्यावर पाणी घेऊन पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवलासुद्धा.

"अहो आई, ते हात धुवायचं पाणी आहे!"

"देवाच्या दारातलं आहे ना? मग तीर्थच की."

मागे एक अमेरिकन जोडपं उभं होतं. त्यांनी आईंकडे नीट पाहून अगदी तस्संच केलं. त्या बाईने तर डोळेही मिटले.

तुम्ही असतात तर त्यांना सांगितलं असतंत का? मी आईंना घेऊन आत गेले.

आत मात्र मी सगळं तिथल्या बोर्डाप्रमाणे केलं. दोनदा वाकले, दोनदा टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. काही म्हणजे काही चुकलं नाही.

परत येताना गाडीत आईंनी विचारलं, "काय मागितलंस गं?"

मागायचं राहूनच गेलं होतं.