कणकेचं नाक

ओल्या कणकेचा वास आला की माझा हात अजून नाकाकडं जातो. बारामतीच्या कॉलेजात एका जुन्या परदेशी नाटकात मी कपटी ज्यू झालो होतो. ज्यूचं नाक मोठं, वाकडं, म्हणून कणकेचं चिकटवलं होतं. साखर कारखान्यातले पेणकरसाहेब त्यांचा काळा कोट द्यायला रंगपटात आले.

“असं नाक कुठं पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“समद्या ज्यूंचं असंच असतंय, साहेब. तुमी कधी ज्यू बघितलाय व्हय?”

“रोज बघतो. दाढी करताना, आरशात.”

त्यांचं नाक माझ्या आजोबांसारखं बसकं होतं. कोटाच्या लांब बाह्या त्यांनीच मला दुमडून दिल्या. कणीक ओलीच होती, नाक सहज निघालं असतं. मी काढलं नाही. त्या नाकाला हशा मिळणार होता, आणि मिळालाही.