ट्रेनिंगमधल्या बायका

करवंदीच्या फुलांचा वास आला की मला ती भाड्याची कॅम्पर व्हॅन आठवते. नवरा जाऊन आठ महिने झालेले. वर्ष सरेपर्यंत ना सण ना सहल, असा सासरचा शिरस्ता. तरी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं कोपरीला राहणाऱ्या सासूबाईंना फोनवर सांगून, मी लेकीबरोबर कल्याण ओलांडून माळशेजला गेले. रविवारी सकाळी व्हॅनमधल्या शेगडीवर चहा केला आणि करवंदीच्या जाळ्यांमधून डोंगर चढायला लागलो. माथ्यावर लेक धापा टाकत म्हणाली, "बाबा असते ना, तर विचारलं असतं, गाडी इथवर का नाही येत?" आठ महिन्यांत पहिल्यांदा मी पोट धरून हसले, आणि हसता हसताच वाजणारा फोन उचलला. सासूबाई होत्या. "कोण गं एवढं हसतंय?" "ट्रेनिंगमधल्या बायका, आई." सहलीला गेल्याबद्दल मला कधीच अपराधी वाटलं नाही, माझं हसू मी परक्या बायकांवर ढकललं, तेच इतकी वर्षं सलतंय. यंदाही करवंदी फुललीय. व्हॅन ठरवून मी आज सासूबाईंना फोन केला. "आई, त्या ट्रेनिंगच्या वेळी फोनवर हसत होते ती मीच. शनिवारी पुन्हा चाललेय. विचारत नाहीये, सांगतेय."