पाळण्याचा दुसरा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. पण पंचाहत्तरच्या सुमारास संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत जे घडलं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय...

मला सातवा लागला होता. सासूबाईंनी महाळुंग्याहून जुना सागवानी पाळणा आणवला. माझ्या जाऊबाईंचा बाळू त्याच पाळण्यात तापाने गेला होता. नंतर त्यांना मूल झालं नाही. त्यांना माहेरी धाडून थोरल्या दिरांचं दुसरं लग्न लावायचं, हे सासूबाईंनी कधीच ठरवलं होतं. फक्त निमित्त मिळत नव्हतं.

पाळणा रंगवायला त्यांनी मुद्दाम जाऊबाईंनाच बसवलं. रंग घरचाच, गेरू आणि तेल. जाऊबाईंनी जवसाचं तेल मागितलं, तर सासूबाई म्हणाल्या, घरात गोडेतेल आहे की. आता गोडेतेलातला रंग वाळतो का कधी? संध्याकाळीही बोटाला लागत होता. उद्या रंगाचा दुसरा हात दे, असं त्यांनी जाऊबाईंना बजावलं.

आणि सकाळी कठड्यावर खरोखरच हात उमटलेला — बिस्किटाएवढा तळवा, पाच बोटं. दाराला आतून कडी होती आणि घरात लहान मूल नव्हतं.

जाऊबाई त्याच्यासमोर बसून हळूहळू फुंकर घालत होत्या... तो वाळावा म्हणून.

"हीच करती हे," सासूबाई म्हणाल्या. "माज्या व्हनाऱ्या नातवावर करणी करती."

त्यांनी जाऊबाईंच्याच हाताने तो ठसा रंगवून घेतला आणि दुपारच्या एसटीने त्यांना बीडला माहेरी धाडलं. थोरले दीर सेकंड शिफ्टला निघून गेले. मला संताप आला होता, पण माझं ऐकतो कोण!

दुसऱ्या दिवशी सकाळी ठसा पुन्हा तिथेच.

मी सासूबाईंना ओढतच नेलं. म्हटलं, त्या तर बीडला आहेत, मग हे कुणी केलं? त्यांना परत बोलवा.

सासूबाई रॉकेलचा बोळा घेऊन ठसा पुसू लागल्या. पुसता पुसता अगदी मायेने म्हणाल्या, "बाळू, तुजी आय न्हाई आता हितं. जा तू."

त्यानंतर ठसा कधीच उमटला नाही. तो कसा उमटायचा, हे मला आजही सांगता येत नाही. थोरल्या दिरांचं लग्न दिवाळीनंतर झालं.