माझं स्मरणचित्र

मी मेले तवा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. आजारी न्हवते, पडले न्हवते. औंदाच्या दसऱ्याला मेले, आन मला कुनी सांगितलंबी न्हाई.

तसे मरायचे परसंग आधी लय आले. दुष्काळात मेंढरं घेऊन उन्हातान्हाचं गावोगाव हिंडले. मालक गेले तवा माझा ल्योक दत्ता मांडीवर हुता. एकदा इचू चावला, तर दुपारी पुन्हा खुरपायला गेले. (मुकादम म्हनला, हात सुजलाय, म्या म्हनले, खुरपं दुसऱ्या हातात हाय.) त्या कशानं मेले न्हाई. मेले ते चित्रानं.

माझी नात शीतल आठवीला हाय. तिला चित्रकलेच्या परीक्षेला बसायचं हुतं, आन फॉर्मवर बापाची सही पायजे हुती. बाप म्हंजी माझा दत्ता. त्यो म्हनला, "परीक्षा ऐन वेचणीत येती. चार दिस पोरगी मानवतला, तर कापूस कोन वेचंल? आन हिला येतंय काय काढाया? परवा बैल काढला, मला वाटलं खाट हाय."

"बाबा, त्याला शिंगं हायेत."

"मला वाटलं खाटंवर कुनी कपडे वाळू घातलेत."

पोरीचं त्वांड उतरलं. दोन दिस जेवली न्हाई नीट. शेवटी त्यो म्हनला, "असं कर. एक चित्र काढ, की न सांगता भायेरची चार मानसं वळखतील हे कोन. मंग करतो सही."

शाळंतल्या सरांनी तिला सांगितलेलं, रोज काढायचं. आधी वस्तू समोर ठिवून काढायची, मंग झाकून नुसत्या आठवणीनं. त्या आठवणीच्या चित्राला म्हनत्यात स्मरणचित्र. आता घरात फुकट आन न हालणारी वस्तू कोनती, तर मी.

"आजी, हालू नको."

"नाकावर माशी बसलीय गं."

"बसू दे. तीबी काढते."

आठ दिस बसले मी. कवा भोपळा निघाले, कवा गाठोडं. सुमन माझी सून, मनाची लय चांगली, ती म्हनायची, "आत्या, लुगडं मातर तुमचंच वाटतंय."

मंग म्या त्वांड उघडलं, आन तिथंच माझं मरण आलं.

मी जल्मात एकच चित्र काढलं, अंगठा. पर मेंढरं वळखता येत्यात मला. म्या शीतलला म्हनले, "शंभर मेंढरांत आपलं कसं वळखायचं? डोळे, नाक, शेपूट समद्यांना सारखंच. त्याची खोड बगायची. एकाचा कान फाटका, एक तिरपं चालतं. तू आधी खोड धर, मेंढरू मागनं येतंय."

"मंग तुझी खोड काय, आजी?"

आतून सुमन म्हनली, "वही पुरायची न्हाई गं."

पर पोरीनं मनावर घेतलं. बुगडीच्या वजनानं माझा डावा कान चिरलाय, तो तिनं आधी काढला. मंग बारका डोळा. मंग एकलाच राहिलेला दात. मंग मला शेळ्यांकडं पिटाळलं आन समदं पुन्हा आठवणीनं काढलं. परत येऊन बगते, तर कागदावर मीच. म्या चटकन पदर नीट केला. आरशातबी मी एवढी खरी दिसत न्हाई. खाली तिनं मोठ्या अक्षरात लिवलं, स्मरणचित्र.

दत्तानं बगितलं. कागद उजेडाला धरला. मंग म्हनला, "घरच्यांनी वळखलं तर काय झालं. भायेरची चार मानसं म्हनलो हुतो."

दुसऱ्या दिशी दसरा. आमच्यात हत्याराची पूजा असती. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कातरी मांडली. म्या म्हनले, पोरीचं हत्यार कोनतं, तर हे चित्र. तेबी भिंतीला टेकून ठिवलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. सुमननं फोटू काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. तेवढ्यात लाइट गेली, चार्जिंग संपून फोन बंद पडला, आन मी भाकरीला बसले.

दुपारी दारात जीप थांबली. ताडकळसची माझी नणंद, गोदा, सहा मानसं घेऊन उतरली ती रडतच. चाळीस वर्सं माझ्याशी धड बोलली न्हाई ती बाई. पदर डोळ्याला लावून आली आन चित्रापुढं बसली.

"वैनी गं, माझ्या भावाच्या घरची लक्ष्मी गं तू."

पाव्हनं आलं म्हून म्या तांब्या पुढं केला. तिनं पाणी पिलं, न बगताच तांब्या मागं दिला, आन पुन्हा सुरू. "काय तुझी भाकरी, कसा पापुद्रा सुटायचा. कुनाला उलटून बोलली न्हाईस."

खरं सांगते, मी तवा बोलायला पायजे हुतं. पर चाळीस वर्सांत पैल्यांदा ती माझ्या भाकरीला चांगलं म्हनत हुती. मधीच जिती हाय म्हनावं, तर बरं दिसतंय का? मी खांबाला टेकून ऐकत बसले.

"पंचाहत्तरीची हुती बिचारी."

"बहात्तर," मी म्हनले.

गोदानं पदर काढला. माझ्याकडं बगितलं, चित्राकडं बगितलं, पुन्हा माझ्याकडं. "कान तर तोच हाय," म्हनली.

तेवढ्यात दत्ता शेतातनं पळत आला. वाटंत कुनीतरी इचारलं असंल, कवा झालं म्हून. दारातच थांबला. "आई, तू गेलीस म्हनं?"

"मलाबी आत्ताच कळलं."

शीतल भीत भीत म्हनली, "गोदाआजी, स्मरणचित्र म्हंजी नुसतं आठवणीनं काढलेलं."

"आठवण मेलेल्या मानसाची काढत्यात गं. जित्याला फोन करत्यात. आन ह्यो हार कुनी घातला?"

समद्यांनी माझ्याकडं बगितलं.

"म्या," मी म्हनले.

"सोताच्याच फोटूला? लय घाई झालीय का वैनी?"

मंग शीतलच बोलली, हळूच. "बाबा, सात मानसं हायेत. भायेरची. न सांगता वळखलं."

दत्ता बोटावर मानसं मोजाया लागला. गोदाच कडाडली, "दत्त्या, ताडकळसपसनं इथवर आमी त्या कानासाठी रडत आलाव. काढ पेन."

काढला पेन, केली सही. करता करता म्हनला, "पर हिच्या जागी वेचणीला कोन?"

पुन्हा समद्यांनी माझ्याकडं बगितलं. गोदा भाकरीचा तुकडा मोडत म्हनली, "वैनी हाय की. काय धाड भरलीय तिला? आन मीठ कामून न्हाई गं ह्यात?"

परीक्षेच्या दिशी शीतल सकाळच्या एसटीनं मानवतला गेली, आन मी कंबरेला कापूस टाकायची वटी बांधून तिच्या सरीला लागले. शेजारच्या सरीतली बाई उभीच राहिली. म्हनली, "काय वो मावशी, तुमी गेल्ता म्हनं?"

"गेल्ते," म्या म्हनले. "वेचणीला मानूस कमी पडलं, म्हून वापस धाडलं."