काम बरे आहे

फेलोशिप मिळत नाही, ती लागते. नोकरी लागते, नंबर लागतो, तशी. हा शब्द माझ्या आईचा. दर महिन्याला ती विचारायची, "लागली गो?" मी नाही म्हटलं की पुन्हा भाकरी थापायला घ्यायची. विद्यापीठातले लोक 'गुणवत्तेवर निवड' म्हणतात. म्हणोत बापडे.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी आमच्या मराठी विभागात संशोधन-सहायकाची एक जागा निघाली. एकच. अर्ज दोघांचे, आणि दोघंही एकाच सरांचे विद्यार्थी: मी कांदिवलीची, आणि दुसरा मुलुंडचा. तो स्वभावाने गोड, पण ग्रंथालय कितव्या मजल्यावर आहे हे त्याला विचारून बघा. सरांच्या घरच्या गणपतीची आरास मात्र तीन वर्षं त्यानेच केली होती, आणि झकास केली होती, खोटं कशाला बोला.

घरी बाबांनी सरळ सांगितलं होतं, "ही जागा लागली तर पीएच.डी. पूर्ण कर. नाहीतर तुझ्या मावसभावाने कॉल सेंटरमध्ये शब्द टाकून ठेवलाय. पुढच्या महिन्यापासून जायचं." बाबा वाईट नाहीत. बोरिवलीच्या एका सोसायटीत लिफ्टमन आहेत, दिवसभर दुसऱ्यांना वर पोचवतात. तीन वर्षांत माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी ब्र काढला नव्हता. त्यामुळे त्यांनी एकदा तोंड उघडल्यावर मी त्याच रात्री अर्ज भरायला घेतला.

अर्जाला गाईडचं शिफारसपत्र लागायचं. बंद पाकिटात, वर 'गोपनीय' लिहून. मी सरांकडे गेले. सर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." यात नवल काही नाही, आमच्याकडे अशीच रीत आहे. विद्यार्थी आपलं कौतुक आपणच लिहितो, सर सही ठोकतात, आणि समिती त्याला गुरूचं मत म्हणते. मी दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, "आणि हे बघ, त्याचंही तूच लिही. तुझा हात चांगला आहे."

म्हणजे माझ्या स्पर्धकाची शिफारस मी लिहायची! मला तिथेच नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. सरांच्या सहीशिवाय माझं पान हलत नव्हतं.

त्याचं पत्र अर्ध्या तासात झालं. दुसऱ्याची स्तुती करायला काय जातं? 'दुर्मिळ व्यासंग', 'चिकित्सक दृष्टी', 'विभागाला अभिमान वाटावा असे संशोधन'. लिहिताना मला हसू येत होतं. मग माझं लिहायला बसले आणि हात अडला. आपलीच पाठ आपण थोपटायची म्हणजे आमच्या घरी निर्लज्जपणाच. 'व्यासंग' लिहिलं, खोडलं. 'प्रतिभा' लिहिलं, त्याची तर शिसारीच आली. शेवटी लिहिलं, 'क्षेत्रकार्य बरे आहे. लेखनही बरे आहे.'

आता हसा. पण आमच्या मालवणीत याहून मोठं कौतुक नाही. दहावीचा निकाल लागला तेव्हा आजी एवढंच म्हणाली होती, "बरां केलंस गो," आणि आई पदराने डोळे पुसत होती. माझा पीएच.डी.चा विषयच हा होता: गिरण्या बंद पडल्यावर उपनगरात येऊन राहिलेल्या मालवणी बायकांची बोली. पुस्तकी मराठीत 'बरे' म्हणजे जेमतेम, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण त्या क्षणी तो शब्द मला आजीच्या तोंडून ऐकू आला, आणि मोठं काहीतरी लिहिल्यासारखं वाटलं. सरांनी दोन्ही कागदांवर न वाचता सही केली. पाकिटाला डिंकही मीच लावला. गोपनीय! कोणापासून, देव जाणे.

मुलाखतीला तिघं होते: विभागप्रमुख, बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ मॅडम आणि आमचे सर. समोर काजूची बशी. मॅडमनी माझ्यासमोर पाकीट फोडलं, वाचलं आणि सरांकडे वळल्या.

"अहो सर, गाईड म्हणून तुम्हीच नुसतं 'बरे' म्हणताय?"

सरांनी कागद हातात घेतला. पहिल्यांदाच वाचत होते ते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. बोलले ना. चष्मा काढून, पुसून म्हणाले, "मॅडम, मी विद्यार्थ्यांची खोटी स्तुती करत नाही. प्रामाणिक मत देतो."

मॅडमनी आदराने मान डोलावली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. पत्र मीच लिहिलंय म्हणावं तर लबाड मीच ठरणार. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

जागा त्याला लागली. 'दुर्मिळ व्यासंगा'ला लागली म्हणा. संध्याकाळी त्याचा फोन, "यार, काय लिहिलं होतंस! मॅडम एकदम खूश. पार्टी देतो तुला." त्याला शिवी घालावी इतकीही त्याची चूक नव्हती. मी अभिनंदन केलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. वेगळी एक फेलोशिप होती, तिच्या अर्जाला दोन दिवस उरले होते. ती लागली तर कॉल सेंटर टळणार होतं. सर प्रसन्न होते. म्हणाले, "हो, हो, भर ना. पत्र आण लिहून. आणि या वेळी जरा हात सैल सोड गं, काय ते 'बरे बरे'!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "नाही सर. या वेळी तुम्ही लिहा. दोनच ओळी लिहा, पण तुमच्या. मी बसते इथेच."

त्यांना राग आलाय असं वाटलं, पण नाही. उलट हसले, कोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. वर तारीख घातली. माझं नाव लिहिलं. 'गेली तीन वर्षे माझ्या मार्गदर्शनाखाली' इथपर्यंत सुरेख अक्षरात आले आणि थांबले. पेन कागदावर टेकलेलं. मग मान वर करून, अगदी आपुलकीने, त्यांनी विचारलं,

"तुझा विषय नेमका काय आहे गं?"

मी विषय सांगितला नाही. कॉल सेंटरमध्ये सोमवारी रुजू झाले.